आडनावानं हाक मारण्याचं वय

पोरवयाची पुस्तकं : लेखांक ७

आमच्या वाचनालयाच्या सभासद-अर्जावर पहिलाच रकाना आहे ‘संपूर्ण नाव’. गेल्या जूनमध्ये नववीतली एक मुलगी तो अर्ज भरायला बसली आणि तिथंच अडली. पेन हातात, नजर खिडकीबाहेर. मी म्हटलं, “काय झालं गं?” तर म्हणाली, “काका, कुठलं लिहू? शाळेत एक आहे, आधारवर स्पेलिंग वेगळंय आणि घरी सगळे तिसरंच काहीतरी म्हणतात.” तुला आवडतं ते लिही, असं मी मोठ्या रुबाबात सांगून टाकलं आणि लगेच जीभ चावली. वाचनालयाच्या नियमात आवडीला जागा नाही, ओळखपत्राची झेरॉक्स जोडावी लागते. पोरगी हसली. आधारवरचं नाव लिहून, अनामत भरून, एक रहस्यकथा घेऊन गेली. तिचा प्रश्न मात्र टेबलावरच राहिला. आजचा लेख त्या प्रश्नावर आहे.

मागच्या आठवड्यात आपण भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर सायकल हाणली. लेख वाचून एका वाचकबाईंनी शाळेच्या फाटकाशी गाठून विचारलं, “पण हा मुलगा मोठा का होत नाही?” प्रश्न एकदम बरोबर आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुस्तकामागून पुस्तकं ओलांडतो, पण त्याला मिसरूड काही फुटत नाही. साहसकथेचा तो करारच असतो. चोर पकडायचा, शाबासकी घ्यायची आणि निघालो होतो तसेच्या तसे घरी यायचं. नायक बदलला तर पुढच्या पुस्तकाची पंचाईत! आज ज्या गोष्टींकडे वळतोय तिथं प्रकार उलटा आहे. तिथं चोर सापडतच नाही आणि पहिल्या पानावर भेटलेला पोरगा शेवटच्या पानावर सापडत नाही.

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात अशा पुस्तकांना ‘यंग अडल्ट’ म्हणतात आणि त्यांना स्वतंत्र कपाट असतं. आपल्याकडे बालविभागाची घोडागाडी-परीराणी संपली की पुढचं कपाट थेट ‘कादंबरी’चं. मधे काही नाही. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ नावाचं मासिक काढते आहे, म्हणजे शब्द आपल्याकडे होता. फक्त कादंबरीच्या कपाटावर ती पाटी कुणी ठोकली नाही. म्हणून आपल्याकडे या वयाची पुस्तकं नाहीत असा निष्कर्ष काढायची घाई नको. ती आहेत. दुसऱ्याच कपाटात, दुसऱ्याच नावानं बसलेली आहेत.

‘आयडेंटिटी’ला आपण ‘ओळख’ म्हणतो. शब्द बरा आहे, पण त्याची गंमत अशी की मराठीत ओळख दुसऱ्यानं करून द्यायची असते. “या, तुमची ओळख करून देतो.” ओळखपत्र सरकार देतं. ओळख परेडमध्ये बोट दुसरा दाखवतो आणि आपण नुसतं उभं राहायचं. गावात एखादं अनोळखी पोर दिसलं की पारावरची म्हातारी त्याला “तू कोण?” असं विचारत नाही. ती विचारते, “कुणाचं रे तू?” उत्तर षष्ठी विभक्तीतच द्यावं लागतं. अमक्याचा नातू, तमक्याचा धाकटा. मराठी कुमारकथेतला ‘मी’चा शोध समजून घ्यायचा असेल तर ही षष्ठी धरूनच चालावं लागतं, असं माझं मत आहे. इंग्रजी पुस्तकातला पंधरा वर्षांचा पोरगा ‘मी कोण’ म्हणून घराबाहेर पडतो. आपला पोरगा आधी ‘मी कुणाचा’ याचा हिशेब करतो, आणि हिशेब जुळेना झाला की त्याच्या वाट्याला कादंबरी येते.

आमच्या शहाडच्या पोरांना तर हा प्रश्न दुप्पट पडतो. कसारा लोकल कल्याणहून सुटली की पहिलं स्टेशन आमचं. एका अंगाला कल्याण-डोंबिवली महापालिका, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरची. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबं जिथं उतरली त्या लष्करी छावण्यांचे नंबर अजून इथल्या पत्त्यात आहेत; माणूस सहज सांगतो, “मी कॅम्प एकचा.” सेंच्युरी रेयॉनमध्ये बाप नोकरीला असला की पोरगा ‘सेंच्युरीवाल्यांचा’. जुन्या वस्तीतला आगरी मुलगा ‘गावातला’, मग भोवती सात मजली इमारती का उठेनात. दहावी झाल्यावर हीच पोरं अकरावीला दादरच्या नाहीतर माटुंग्याच्या कॉलेजात जातात आणि तिथं कुणी विचारलं की सांगतात, “कल्याणला राहतो.” समोरचा कल्याणचाच निघाला तर पंचाईत. “कल्याणला कुठं?” “जरा पुढं.” मीसुद्धा अकरावी-बारावीची दोन वर्षं कल्याणचाच होतो. घरी परत येताना गाडी कल्याण सोडून पुढं निघाली की मग डब्यात निवांत शहाडचा व्हायचो. फार लाजण्यासारखं होतं असं आज वाटत नाही. त्या वयात माणूस पत्तासुद्धा अंगाला लावून बघतो, दुकानातल्या शर्टासारखा.

आता मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ काढा. मौजेनं २००४ साली छापली. इयत्ता नववी, काळ आणीबाणीचा, सांगणारा मुकुंद जोशी. ही कादंबरी शाळकरी प्रेमाची म्हणून आपल्या लक्षात आहे. सुजय डहाके यांच्या चित्रपटानं ती छाप आणखी पक्की केली आणि त्याला मराठीतल्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. प्रेम आहेच. पण पुन्हा वाचताना माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर अडकलं : या पुस्तकात कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं ते बघा. मुकुंदाला जी मुलगी आवडते ती त्याच्यासाठी ‘शिरोडकर’ आहे. मनातल्या मनातसुद्धा शिरोडकर. मित्रांतला एक चित्रे, तोही आडनावानं. दुसरा सुऱ्या, तिसरा फावड्या. ही नावं कुठल्या बारशाला ठेवलेली नाहीत. सुऱ्याचा जीव जडलेली मुलगी ‘केवडा’. स्वतःच्या सख्ख्या बहिणीला मुकुंदा ‘अंबाबाई’ म्हणतो.

ज्यांनी मराठी शाळेत नववी काढली आहे त्यांना यात काही विशेष वाटणार नाही, कारण आपण सगळ्यांनी हेच केलं. हजेरीत बाई आडनावानं पुकारायच्या आणि तेच अंगाला चिकटायचं. पण थोडं थांबून बघण्यासारखं आहे. मुलीचं पहिलं नाव घेणं म्हणजे जवळीक, आणि जवळीक उघडी पडली की वर्गभर बोभाटा. आडनाव मात्र बिनधास्त मोठ्यानं घेता येतं. ते हजेरीपटावर आहे, सगळ्यांचं आहे. म्हणून पोरगं सगळ्यांच्या मालकीचा शब्द उचलतं आणि त्यात आपलं गुपित लपवतं. ‘शिरोडकर’ हा शब्द वर्गातल्या चाळीस जणांना एक सांगतो, मुकुंदाला दुसरंच. पोरवयातली स्वतःची ओळख अशीच, उघड्यावर पडलेल्या शब्दात चोरून ठेवलेली असते, हे बोकिलांना नेमकं दिसलं होतं. त्यांनी त्यावर एक वाक्यही खर्चलेलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

टोपणनावांचंही तेच. फावड्या हे नाव क्रूर आहे की प्रेमाचं? दोन्ही. ज्यानं ते दिलं त्यानं एका क्षणात त्या मुलाचा बाप, जात, पत्ता सगळं पुसलं आणि त्याला टोळीत घेतलं. षष्ठीतून सुटका करून घ्यायची ही पोरांनी शोधलेली युक्ती आहे. घरी तू अमक्याचा, इथं तू फावड्या. बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत ही चौकडी जमते, तिथं कुणीच कुणाचं नसतं. अर्धवट इमारत ही जागा बोकिलांनी मुद्दाम निवडली असेल की सहज आली असेल, देव जाणे. शहाडमध्ये अशा इमारतींना कधी तोटा नव्हता. आमचीही एक होती, तिचा जिना दुसऱ्या मजल्यावर जाऊन संपायचा.

माझी ‘शाळा’बद्दल एकच तक्रार आहे. शिरोडकर आपल्याला शेवटपर्यंत मुकुंदाच्या डोळ्यांनीच दिसते. ती गाव सोडून जाते तेव्हा मुकुंदाचं काय झालं ते कळतं, तिचं काय झालं ते कळत नाही. पहिल्या पुरुषात सांगितलेल्या गोष्टीची ती मर्यादाच आहे, मान्य. तरी पुस्तक मिटल्यावर दर वेळी वाटतं की शिरोडकरच्या वहीत मुकुंद जोशीचं नाव काय होतं ते कुणीतरी लिहायला हवं होतं.

‘शाळा’च्या दहा वर्षं आधी, १९९४ साली, ‘वनवास’ आलं आणि लंपन मराठीत शिरला. प्रकाश नारायण संतांनी त्याच्यावर चार पुस्तकं लिहिली, २०२४ मध्ये निपुण धर्माधिकारी यांनी त्याची मालिकाही केली. लंपनवर स्वतंत्र लेख पुढं येणार आहे, म्हणून आज एवढंच : आईवडिलांपासून दूर, सीमाभागात आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा. ‘मी कुणाचा’ या प्रश्नाला त्याच्याकडे सरळ उत्तर नाही. आई एका गावी, आपण दुसऱ्या. मग तो काय करतो? तो स्वतःची भाषा तयार करतो. कानडीच्या शेजारानं वाकलेली मराठी, जिथं तिथं ‘मॅड’, आणि कुठलीही गोष्ट सांगताना हजारांतले नेमके आकडे. ती भाषा दुसऱ्या कुणाची नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे हे लेखक कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित होते. दीक्षित हे त्यांच्या आईचं, म्हणजे इंदिरा संतांचं, माहेरचं आडनाव, म्हणजे लेखकाचं आजोळ. नोकरी एका नावानं केली आणि लंपन लिहायला बसले तेव्हा मात्र आईवडिलांकडचं नाव लावलं. ‘कुणाचं रे तू’ या प्रश्नाचं उत्तर माणूस पन्नाशी उलटल्यावरसुद्धा पुस्तकाच्या कव्हरवर देऊ शकतो.

नाव बदलण्याचं हे प्रकरण फक्त आपल्याकडचं नाही. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्द आज शाळेच्या पालकसभेतही ऐकू येतो. तो रूढ केला एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञानं. जन्म १९०२, फ्रँकफर्टचा. जन्मदाता बाप कोण ते त्याला आयुष्यभर कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव होम्बर्गर, ते ज्यू. पोरगा दिसायला उंच, गोरा, निळ्या डोळ्यांचा. ज्यूंच्या प्रार्थनास्थळात मुलं त्याला परका म्हणून चिडवायची आणि शाळेत तोच ज्यू म्हणून चिडवला जायचा. पुढं हिटलरच्या काळात तो अमेरिकेत गेला आणि तिथलं नागरिकत्व घेताना त्यानं नवं आडनाव लावलं : एरिकसन. शब्दशः अर्थ, एरिकचा मुलगा. म्हणजे या गृहस्थानं षष्ठी ठेवली, पण तिच्यात स्वतःचंच नाव घातलं. कुणाचं रे तू? माझाच. कुमारवय म्हणजे ‘आपण कोण होणार’ हे अंगावर चढवून बघण्याची सवलत मिळालेला काळ, अशी त्याची मांडणी आहे. समाजानं तेवढी मुदत पोराला द्यायला हवी असं तो म्हणतो. मुदत हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागेल. (याच एरिकसननं नंतर अहमदाबादला येऊन गांधीजींवर पुस्तक लिहिलं आणि त्याला पुलित्झर मिळालं.)

अमेरिकेत ‘यंग अडल्ट’ची पाटी ज्या पुस्तकापासून ठळक झाली असं मानतात, ते ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आलं. दोन टोळ्यांची गोष्ट, एक गरीब वस्तीतली, दुसरी पैसेवाल्यांची. नायक चौदा वर्षांचा, नाव पोनीबॉय, आणि ते टोपणनाव नाही. बापानं जन्मदाखल्यावर ठेवलेलं खरं नाव आहे. लेखक एस. ई. हिंटन. पुस्तक आलं तेव्हा वय अठरा. आणि ही हिंटन मुलगी होती, सुझन. पोरांच्या मारामारीची गोष्ट मुलीनं लिहिली म्हटल्यावर परीक्षक नाक मुरडतील, म्हणून प्रकाशकांनी आद्याक्षरं लावली. स्वतःच्या ओळखीच्या शोधाचं आद्य पुस्तक, आणि कव्हरवर ओळख झाकलेली!

आपल्याकडे परत येऊ. मुकुंद आणि लंपन हे दोघंही तसे सुखवस्तू, निदान पोटभर जेवणाऱ्या घरातले. त्यांना आपलं आडनाव चिकटतं, टोचत नाही. ज्यांना टोचलं त्यांची गोष्ट मराठीत कादंबरी म्हणून फारशी आलीच नाही, ती आत्मकथन म्हणून आली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ सालचं, ग्रंथालीनं काढलेलं. त्यात दया पवार नावाचा शिकलेला, नोकरदार माणूस गप्प बसून ऐकतो आणि दगडू मारुती पवार बोलत राहतो. दोघं एकच आहेत. दगडू हे बारशाचं नाव. आपल्याकडे नवस करून झालेल्या, जगेल की नाही अशी धास्ती असलेल्या पोरांना दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवायची रीत होती. मृत्यूनं ढुंकून बघू नये म्हणून. मोठेपणी त्या नावाची लाज वाटणं आणि त्या लाजेचीही लाज वाटणं, हे सगळं पवारांनी एका साध्या युक्तीत बसवलं : दोन नावं समोरासमोर बसवली. मला मराठीत ‘मी’च्या शोधासाठी याहून धारदार रचना दुसरी दिसलेली नाही.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) तर शीर्षकच नाव आहे, दुसऱ्यानं फेकून मारलेलं. बारा माशांचा तोळा होतो. अकरा मासे म्हणजे तोळ्याला एक मासा कमी, भेसळीचं. आई दलित, बाप गावचा पाटील, लग्न नाही. शाळेच्या रजिस्टरात बापाच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं, इथूनच या पोराचा शोध सुरू होतो. माझ्या वाचनालयातली मुलगी ‘संपूर्ण नाव’ या रकान्यापाशी अडली तेव्हा मला आठवलं ते हे पुस्तक. तिची अडचण स्पेलिंगची होती, हे मला कळतं. पण रकाना तोच. राज्य सरकारनं २०२४ मध्ये सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लावायचा निर्णय घेतला. ‘अक्करमाशी’ त्याआधी चाळीस वर्षं छापून झालं होतं. आणि नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या आठवा. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. सिनेमाचं नाव म्हणजे पोराला मारलेली हाक. शेवटी तो त्या हाकेला ओ देत नाही, दगड मारतो.

ही पुस्तकं आम्ही ‘आत्मचरित्र’ असं लिहिलेल्या कपाटात ठेवतो. तिथं सहसा निवृत्त लोक येतात. पंधरा वर्षांचं पोर त्या कपाटाकडे फिरकतही नाही, कारण त्याच्या मते आत्मचरित्र म्हणजे पुढाऱ्यांचं. “मुलांना कशाला हे कडू?” असं पालक विचारतात. ज्या मुलाला शाळेत पहिल्या दिवशी “आडनाव काय तुझं?” असं विचारून मग पुढचा सूर ठरवला जातो, त्याला कडू काय असतं ते ठाऊक असतं. ज्याला तसं कधी कुणी विचारलेलं नाही, त्याला ठाऊक नसतं. माझं मत विचाराल तर पुस्तकाची गरज दुसऱ्याला जास्त आहे.

आता मुलींकडे. इथं हात आखडतो, कारण कपाट खरोखरच रिकामं आहे. मराठीत मुलीनं लहानपणापासून स्वतःची गोष्ट स्वतः सांगितलेली पहिली मोठी कादंबरी एका पुरुषानं लिहिली, तीही सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ती आठवड्याला हप्त्यानं येत राहिली, आपल्या या लेखमालेसारखीच. (तुलना इथंच थांबते.) गोष्ट सांगणाऱ्या यमूचं लग्न ज्या वयात होतं त्या वयात आजची मुलगी सहावी-सातवीत असते. त्याच काळात, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला; त्यानं वय दहावरून बारावर नेलं, आणि तेवढ्यासाठी महाराष्ट्रात केवढं रण माजलं. यमूच्या आयुष्यात मूल आणि बायको यांच्या मधे काही नाहीच. एरिकसनची ती मुदत म्हणतो ना आपण, तीच तिला मिळत नाही. वनस्पतीला कळी न येता एकदम फळ धरावं तसं.

आणि लग्नात काय होतं? ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. पुढची साठ वर्षं ती त्या नावानं जगते. बापाचं नाव जातं, आडनाव जातं, बारशाचं नावही जातं. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर बाराव्याच्या दिवशी कळलं. तिच्या मावसबहिणीनं चुकून तोंडातून काढलं तेव्हा. आमच्या शेजारच्या सिंधी घरांतही लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, एवढंच काय ते छावणीत आणि चाळीत एकमत. आज बऱ्याच घरांत ते ताट येत नाही, किंवा आलं तरी तांदळात आहे तेच नाव लिहितात. पण कुमारकथेत मुली उशिरा का आल्या, याचं एक कारण त्या ताटात आहे. जे नाव पुढं पुसायचंच आहे, त्याचा शोध कोण घेणार?

उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) मी मुलींच्या हाती हमखास देतो. कोकणात बांबूची आयदानं विणणारी विधवा आई आणि तिची शाळकरी मुलगी. शाळेत शेण काढायला लावणाऱ्या गुरुजींना ही आई भर रस्त्यात जाब विचारते, तो प्रसंग वाचताना मुली मान वर करून बघतात, आजूबाजूला कुणी आहे का म्हणून. त्यात शोध मुलीचा आहे, पण ‘कुणाची गं तू’ याचं उत्तर पहिल्यांदाच ‘आईची’ असं येतं.

शेवटचं पुस्तक जरा मोठ्या मुलांसाठी, अकरावी-बारावीच्या पुढं. सचिन कुंडलकरांचं ‘कोबाल्ट ब्लू’, मौज, २००६. एका मराठी मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण येतो आणि घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. अर्धं पुस्तक तनयचं, अर्धं अनुजाचं. ज्याच्यावर दोघांचा जीव जडला त्याचं नाव मात्र पुस्तकात कुठंच येत नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. हे पुस्तक त्याच्या बारा वर्षं आधीचं. तोवर अशा प्रेमाला आपल्या भाषेत शिवी सोडून नाव नव्हतं. कुंडलकरांनी शिवी टाळली आणि नावच रिकामं ठेवलं. मागच्या वर्षी एक मुलगा हे पुस्तक घेऊन गेला आणि तीन आठवड्यांनी परत देताना म्हणाला, “दंड घ्या काका, पण परत माझ्याच नावावर लिहा.” मी लिहिलं. दंड घेतला नाही.

पुढच्या रविवारी ‘कोसला’. पांडुरंग सांगवीकर पंचविशीचा आहे, मग त्याला पोरवयाच्या यादीत का घेतलं, असं विचारणारे फोन येतीलच. उत्तर तयार ठेवलं आहे. तोवर एक काम करा. तुमच्या घरात नववी-दहावीचं पोर असेल, तर ते बहुतेक तुमच्या कार्डावर पुस्तकं आणत असेल. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. डोंबिवलीत तर गल्लोगल्ली वाचनालयं आहेत. यातल्या जवळच्या एकात जाऊन त्याच्या किंवा तिच्या नावानं वेगळं कार्ड काढा. अर्ज त्यांनाच भरू द्या, आणि ‘संपूर्ण नाव’ या रकान्यापाशी अडले तर घाई करू नका.